दप्तर कुणाच्या घरी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दप्तर म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे येते ती शाळकरी मुलाच्या पाठीवरची पिशवी. माझ्या आजोबांच्या तोंडी मात्र दप्तर म्हणजे कागदांचा गठ्ठा. लाल खारव्याच्या फडक्यात बांधलेला आणि माळ्यावर चढवलेला. तालुक्याच्या गावी कुणी सरकारी कामाला निघालं, तर तो जिथं जाणार ती जागाही दप्तरच. हा शब्द आपल्याकडे आला फारसीतून, पण त्याचं मूळ थेट ग्रीक भाषेपर्यंत जातं. तिथं त्याचा अर्थ होता चामडं. लिहायचं चामडं, मग लिहिलेले कागद, मग कागदांचं गाठोडं, गाठोडी ठेवायची खोली आणि सरतेशेवटी त्या खोलीत बसून नोकरी करणारी माणसं. जागा आली ती सर्वांत शेवटी.

२०२० सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आमच्या शेजारच्या घरातला मुलगा इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसला. कुकरची शिट्टी झाली की तो हातानं फोन झाकायचा. त्याची आई मला गॅलरीतून म्हणाली, ‘‘काका, आता घराचीच कचेरी झाली हो! इतिहासात असं कधी झालं होतं का?’’ तिनं ते सहज विचारलं होतं, पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. उत्तर शोधत जुन्या कागदांकडे वळलो तेव्हा लक्षात आलं की प्रश्नच उलटा आहे. घरी काम करणं ही जुनी रीत. सकाळी घराबाहेर पडायचं, कुणा दुसऱ्याच्या छपराखाली ठरलेल्या तासांपुरतं बसायचं आणि संध्याकाळी परतायचं, ही गोष्ट आपल्याकडे सर्रास झाली ती गेल्या पावणेदोनशे वर्षांत.

शिवकाळात राज्याचे अठरा कारखाने आणि बारा महाल होते, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण तो कारखाना म्हणजे धुरांडं नव्हे. जवाहीरखाना, अंबारखाना, पीलखाना, फरासखाना ही तेव्हाची खाती, आणि कारखाना म्हणजे त्या त्या खात्याची कोठी. पुण्यात फरासखाना पोलीस चौकी आजही आहे. तंबू-कनातींचा संबंध सुटला, नाव राहिलं. पुढं पेशवाईत शनिवारवाडा बांधला गेला, तो १७३० ते १७३२ या काळात. पेशव्यांचं राहतं घर तेच, आणि राज्यकारभाराचं ठिकाणही तेच. पुण्याच्या हुजूर दप्तरात दोनशेहून अधिक कारकून होते, असं मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे शेदोनशे माणसांनी एकत्र बसून लिहिण्याचं काम करावं, ही कल्पना काही इंग्रजांनी आणलेली नाही. फरक एवढाच, की ते धन्याच्या घरी बसत. थोरल्या माधवरावांच्या आणि नाना फडणविसांच्या काळात तिथले हिशेब चोख होते. दुसऱ्या बाजीरावाच्या हाती कारभार गेल्यावर त्या दप्तराची अवस्था काय झाली, हे इथं सांगत बसत नाही. कागद उरले हे आपलं नशीब. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात ते ज्या गठ्ठ्यांत बांधलेले आहेत, त्यांना ‘रुमाल’ म्हणतात. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक पत्रांचे ४५ खंड काढले.

पण पुण्याच्या दप्तरात सगळे कागद नव्हते. गावाचा कागद गावात असे, आणि तो असे कुलकर्ण्याच्या घरी.

इथं मला जरा थांबायचं आहे, कारण हा प्रकार आमच्या घरचा आहे. माझे पणजोबा गावचे कुलकर्णी. कुणाच्या नावावर किती जमीन, पीक काय, वसूल किती आला, बाकी किती राहिली, हे सगळं ते आमच्या ओसरीवर बसून लिहीत. लेखणी आमची, बैठक आमची, कागद ठेवायचा माळाही आमचा. आमच्या घरात ही गोष्ट कौतुकानं सांगितली जाई. ‘‘आपल्याकडे सगळ्या गावाचं दप्तर होतं,’’ असं आजी म्हणायची. मला ते कौतुक बराच काळ पुरलं. पुढं महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचला आणि तीच ओसरी खालून, अंगणातून कशी दिसत असेल, याचा विचार पहिल्यांदा केला. ज्याला लिहिता-वाचता येत नाही असा शेतकरी आपल्याच जमिनीची नोंद विचारायला दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. घरमालक जेवायला बसला असेल तर थांबायचं. झोपला असेल तरी थांबायचं. आत लिहिलंय काय, ते बघायची सोय नाही. घर खासगी, आणि त्या घरात ठेवलेला कागद सगळ्या गावाचा! वतन वंशपरंपरेचं असल्यामुळे भाऊबंदांत वाटण्या होत, आणि कागद कुणाच्या वाट्याच्या घरात आहे, यावरून तंटे लागत.

घरून काम करण्याची ही आपल्या इतिहासातली सर्वांत रुबाबदार तऱ्हा. तिच्यात काम करणारा बलवान होता आणि कामासाठी येणारा दुबळा. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतनं रद्द केली आणि पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात त्यासाठी १९५० सालचा परगणा व कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा यावा लागला. दप्तर ओसरीवरून चावडीत गेलं. तलाठी तरी भेटतो कुठं, असं आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आलं असेल. तक्रार खरी आहे. पण ती तक्रार करायला आज एक सरकारी जागा आहे, आणि तो भेटत नाही याबद्दल त्याच्या वरच्या माणसाकडे जाता येतं. पणजोबांच्या बाबतीत ती सोय नव्हती.

आता दुसरं टोक. विणकराचं घर. साळी, कोष्टी, पद्मशाली यांच्या घरांत माग घरातच असायचा. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसलेला पुरुष, आणि शेजारी कांड्या भरणारी बायको. ताणा करायला अख्खं घर लागे, पोरंसोरंसुद्धा. सूत सावकाराकडून यायचं, उचल त्याच्याकडूनच, आणि तयार लुगडं त्याच्याकडेच जायचं. लुगड्याची मजुरी मिळे ती पुरुषाच्या हातात. कांड्यांची मजुरी वेगळी अशी कुणी मोजलीच नाही. ‘घरचं काम’ हा शब्दप्रयोग किती फसवा आहे पाहा. पुरुषानं मागावर बसून केलं तर तो धंदा आणि बाईनं मागाशेजारी बसून केलं तर घरकाम.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि ताडदेवची ती गिरणी १८५६ साली सुरू झाली. कोकणातून आणि घाटावरून माणसं येऊ लागली. सोलापुरात पहिली गिरणी १८७७ सालची. या गिरण्यांनी कामाला घराबाहेर काढलं. पहिल्या दिवसांत ते बाहेर पडणं भयंकरच होतं. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, मधे जेमतेम सुट्टी, आठवड्याची सुट्टी नाहीच. १८८१ साली पहिला कारखाना कायदा आला. त्यानं सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास ठरवून दिले. मोठ्यांबद्दल त्यात तासांचा शब्द नव्हता. पुढं विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळल्यावर गिरणी थांबवायचं कारणच संपलं. दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. दिवा हा कामगाराचा मित्रच असतो असं नाही.

तरीही त्या गिरणीत एक गोष्ट घडली, जी मागावर घडली नव्हती. माणसं एकाच वेळी, एकाच दारातून आत जाऊ लागली आणि एकाच दारातून बाहेर पडू लागली. त्या दारापाशी उभं राहिलं की पाच हजार लोकांशी बोलता येत होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते ओळखलं. ‘दीनबंधू’ पत्राचे ते संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला आणि बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी केली. आठवड्यातून एक दिवस पुरी सुट्टी हवी, ही त्यांतली मुख्य मागणी. रविवार हा खंडोबाचा वार, असाही दाखला तेव्हा दिला गेल्याचं सांगतात. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली, बायकांच्या कामावर अकरा तासांची मर्यादा आली. पुरुषांचे तास १९११ साली बारा झाले, १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा, आणि १९४८ च्या कायद्यानं आठवड्याचे अठ्ठेचाळीस.

आपण ही पुरवणी रविवारी सकाळी चहा पिता पिता वाचत असाल तर त्या महालक्ष्मीच्या मैदानाचं थोडं ऋण आपल्यावरही आहे.

ज्या भोंग्याला गिरणगावानं शिव्या घातल्या, तो भोंगा सकाळी बोलवायचा तसा संध्याकाळी सोडायचाही. त्याच्याइतकी स्पष्ट ‘आता पुरे’ अशी खूण घरात कामाला बसलेल्या माणसाला कधी मिळाली नाही. कायदा कारखान्याच्या भिंतीपर्यंत आला आणि उंबऱ्यापाशी थांबला. जे आत मिळवलं ते बाहेर आपोआप मिळालं नाही. घरात बसलेल्यांना तीच लढाई पहिल्यापासून लढावी लागली.

आणि घरात बसलेल्या कोण होत्या? बहुतेक बायका. गिरणगावात एकेका खोलीत दहा-दहा पुरुष राहत, बायकामुलं गावी. त्यांना दोन वेळचं जेवण घालत त्या खाणावळवाल्या, आपल्याच खोलीतल्या चुलीवर. म्हणजे बाहेर गिरणी चालत होती ती घरातल्या या बिननावाच्या कारखान्याच्या जोरावर. महिन्याच्या सुरुवातीला डाळ-तांदूळ भरायला सावकाराकडे डाग गहाण टाकायचा, पगाराला गाळेकऱ्यांकडून पैसे आले की सोडवायचा, असं चक्र. १९७४ च्या आरंभी गिरण्यांचा बेचाळीस दिवस संप झाला तेव्हा पगार थांबले, पण खाणावळी थांबल्या नाहीत. बायकांनी उधारीवर जेवू घातलं आणि स्वतः कर्जात बुडाल्या. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली. बँकेनं ‘धंदा काय?’ म्हणून विचारलं की ‘घरीच असते’ असं सांगणाऱ्या या बाया. रोज वीस-वीस माणसांचा स्वयंपाक करत होत्या आणि म्हणत होत्या, घरीच असते!

याच मुंबईत, गिरगावात, १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्याच लिज्जत पापडची गोष्ट आपल्याला माहीत असते ती यशाची म्हणून. मला तिच्यातली जागेची गोष्ट महत्त्वाची वाटते. पहिल्या पावसाळ्यात ऊन नाही म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणली, वर पापड पसरले, खाली शेगडी ठेवली. पुढं बायका शेकड्यांनी वाढल्या आणि गच्ची पुरेना. तेव्हा ठरलं की पीठ एका ठिकाणी मळायचं, ते घरोघर न्यायचं आणि लाटलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे. म्हणजे काम घरी गेलं ते मालकाच्या सोयीसाठी नव्हे, तर बायकांनी आपसांत ठरवलं म्हणून. लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची सभासद. जिच्या घरात लाटायला स्वच्छ जागा नसेल, तिनं केंद्रावर पीठ मळावं. रोज सकाळी पीठ घ्यायला आणि पापड द्यायला सगळ्या एकत्र येतात. त्या रांगेत किती गोष्टी ठरत असतील! घरचं काम असूनही तिथं गिरणीच्या दारासारखं एक दार उरलं.

विडीचं मात्र तसं झालं नाही. सोलापूर, सिन्नर, अहिल्यानगर ही आपल्याकडची विड्यांची गावं. सोलापुरात हे काम मुख्यतः तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजातल्या बायकांचं. ज्यांच्या आज्या मागाशेजारी कांड्या भरत, त्यांच्या नाती मांडीवर सूप घेऊन बसल्या. टेंभुर्णीची पानं भिजत घालायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. मजुरी हजाराच्या हिशेबानं. हात चांगला असला तरी हजार विड्यांना उजाडल्यापासून रात्रीपर्यंतचा वेळ जातो, कारण मधे पाणी भरायचं असतं, पोराला न्हाऊ घालायचं असतं. पानं मोजून किंवा वजन करून मिळतात. त्यांत फाटकी निघाली तर उरलेल्या विड्यांसाठी बाजारातून स्वतःच्या पैशानं पानं आणायची.

झालेला माल कारखान्यात नेऊन द्यायचा. या जागेला तिथं कारखानाच म्हणतात, आणि पुष्कळदा तिथं माल होत काहीच नाही. देणं-घेणं आणि मोजणं तेवढं होतं. शिवकाळातला कोठी हा अर्थ असा तीनशे वर्षांनी परत आला. तिथं बसलेला माणूस कट्टे बघतो आणि पसंत नसलेल्या विड्या बाजूला काढतो. त्याला म्हणतात छाट. छाट झालेल्या विडीची मजुरी नाही. पुष्कळदा ती विडी परतही मिळत नसे. म्हणजे मजुरी नाही पण माल मात्र मालकाचा. बाईच्या घरी कुणी देखरेख करत नव्हतं, कुणी घड्याळ लावत नव्हतं. सगळी सत्ता त्या एका हातात होती, जो दहा सेकंदांत तिच्या दोन तासांचं काम बाजूला सारत होता.

ही विडी घरात गेली कशी, तेही बघण्यासारखं आहे. आधी विड्या वळायच्या शेड असत. १९४८ च्या कारखाना कायद्यानंतर शेड बाळगली की तास, रजा, संडास, सगळ्याची जबाबदारी आली. मग काम ठेकेदारांतर्फे घरोघर वाटलं जाऊ लागलं. जिथं कायदा नाही तिथं काम सरकलं, पाणी उताराकडे जावं तसं. त्याला उत्तर म्हणून १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा वेगळा कायदा आला. त्यात घरी काम करणारी बाई ‘कामगार’ ठरली. तिला बाळंतपणाचा लाभ, रजा, कच्च्या मालाबद्दल दाद मागायची सोय मिळाली. आणि छाट हा आपला देशी शब्द इंग्रजी नियमांत जसाच्या तसा जाऊन बसला: शंभरामागे पाचाहून जास्त विड्या साधारणपणे छाट म्हणून काढू नयेत. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ साली न्यायालयानं मुख्य कायदा कायम ठेवला. तासांची मर्यादा तेवढी कारखान्याच्या आवारापुरतीच राहिली. घरातल्या रात्रीला कुणी हात लावला नाही.

पुढचा वाद भविष्य निर्वाह निधीचा. मालकांचं म्हणणं असं: ही बाई तिच्या घरात बसते, वाटेल तेव्हा वळते, आमची तिच्यावर देखरेख कुठाय? मग ती आमची नोकर कशी? बिनतोड वाटावं असं हे म्हणणं. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. न्यायालय म्हणालं, माल नापसंत करायचा अधिकार तुमच्याकडे आहे ना? तीच देखरेख. त्या एका छाटेनं शतकभराचा गोंधळ उलगडला. नोकरी कुठं आहे, हे शोधायचं असेल तर खुर्ची कुठं ठेवली आहे ते बघू नका. झालेलं काम बाजूला सारणारा हात कुणाचा आहे ते बघा. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६६ चा तो वेगळा कायदा त्यांत विलीन झाला. विडी वळणाऱ्या बाईला त्यातून काय मिळेल, काय निसटेल, हे कळायला काही वर्षं जावी लागतील. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ साली केलेल्या करारावर तर आपण सहीच केलेली नाही.

एवढं सगळं ऐकल्यावर कुणी म्हणेल, म्हणजे ऑफिस बरं. तसंही सरळ नाही. मुंबईतल्या कारकुनाचे रोजचे दोन-तीन तास लोकलनं खाल्ले, हे काय वेगळं सांगायला हवं? पण पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ रोजी फक्त बायकांसाठी लोकल सुरू झाली, तिच्यातून एकदा जाणाऱ्या बाईला विचारा. त्या डब्यात भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होतं, भिशी चालते, सासूबद्दल बोललं जातं आणि साहेबाबद्दलही. माझी एक आतेबहीण निवृत्त झाल्यावर म्हणाली, ‘‘ऑफिस सुटल्याचं काही नाही रे, पण गाडी सुटली.’’ घर आणि ऑफिस यांच्यामधला तो तास कुणाचाच नव्हता, म्हणून तिचा होता. भाजी निवडण्याचं काम मात्र तिथंही तिच्याबरोबर आलं, हे विसरू नये.

२०२० साली नेमका तो मधला तास गेला. शेजारच्या त्या मुलाला पहिले दोन महिने चैन वाटली. मग बैठका रात्री नऊला होऊ लागल्या, कारण ‘घरीच तर आहेस’. खुर्ची त्यानं स्वतः घेतली, इंटरनेटचं बिल त्याचं, विजेचं बिल वडिलांचं. कंपनीनं हिंजवडीतला एक मजला सोडला. ते भाडं कुणाच्या खिशात राहिलं, असं मी त्याला विचारलं तर तो हसला. त्याच्या पडद्यावर एक हिरवा ठिपका असतो. तो जागेवर आहे की नाही, ते त्यावरून वरच्यांना कळतं. विडीच्या बाईला निदान ठिपका नव्हता. उलट त्याच्या बायकोचं म्हणणं वेगळंच. बाळ लहान असताना ती नोकरी सोडणार होती; घरून काम करता आलं म्हणून टिकली. तिचं म्हणणं खोटं पाडायला माझ्याकडे कुठलाच जुना कागद नाही.

सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची वसाहत आहे, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. दहा हजार घरांची. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरं दिली गेली. कॉम्रेड नरसय्या आडम मास्तर यांनी त्या मागणीसाठी वर्षानुवर्षं चळवळ केली. जानेवारी २०२४ मध्ये तिथंच रे नगरात आणखी पंधरा हजार घरं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. त्यांत यंत्रमाग कामगार आहेत, कपडे शिवणारे आहेत. कामगार संघटनेनं पगार मागावा, बोनस मागावा. घरं का मागितली, असा प्रश्न मला पूर्वी पडायचा. पण जिचं घर हाच कारखाना, तिनं घर मागणं म्हणजे कामाची नीट जागा मागणंच की.

मी त्या जुन्या वसाहतीत गेलो होतो तेव्हा दुपार होती. एका घरात खोली होती, पंखा होता, वर ट्यूबलाइट होती. बाई मात्र सूप घेऊन उंबऱ्यावर बसली होती. आत का बसत नाही, म्हणून विचारलं. हात न थांबवता म्हणाली, ‘‘इथं उजेड आहे की. आतल्या दिव्याचं बिल मला भरावं लागतंय.’’